रामरामाचं उत्तर

तोंडातून निघालेल्या पहिल्या शब्दानं माणसाची जात कळावी, अशी आपल्या मुलखात कितीतरी शतकं गेली. माण तालुक्यातल्या आमच्या गावी माझे आजोबा येसकर होते. ते सांगायचे की रात्री वेशीवर कोण आलंय हे ओळखायला कंदील वर धरावा लागत नसे. 'रामराम' ऐकू आला की मराठा, माळी, धनगर यांच्यापैकी कुणीतरी. कुलकर्ण्यांकडचा पाहुणा असला तर 'नमस्कार'. मुलाण्याचा 'सलाम'. फलटण जवळ आणि तिथं महानुभावांचे मठ, म्हणून कधी एखादा 'दंडवत प्रणाम'ही कानावर यायचा. आणि 'जोहार' आला की समजायचं, आपलं माणूस आहे, महारवाड्यात कुणाकडं तरी आलंय.

मी नोकरीभर शाळेत इतिहास शिकवला. पाठ्यपुस्तकात लढाया होत्या, तह होते, सनावळ्या होत्या. दोन माणसं रस्त्यात समोरासमोर आली की काय म्हणायची आणि त्यावर काय ऐकायची, हे त्यात नव्हतं. माझ्या मते आपल्या समाजाचा सगळ्यात खरा इतिहास तिथं आहे, आणि त्यातही पहिल्या शब्दापेक्षा तो उत्तरात जास्त आहे. रामरामाला उलट रामराम मिळायचा. नमस्काराला नमस्कार मिळायचा, किंवा समोरचा वयानं मोठा असेल तर आशीर्वाद. जोहाराला मात्र उत्तर नव्हतं.

जोहार घालायची रीत आजोबांनी मला उठून करून दाखवली होती. पायातलं काढायचं. चार हात लांब उभं राहायचं. कमरेत वाकून उजवा हात जमिनीकडं न्यायचा, मग कपाळाकडं आणायचा आणि म्हणायचं, 'जोहार, पाटीलबाबा.' पाटलाचं लक्ष असलं तर तो म्हणायचा, 'काय रं?' लक्ष नसलं तर काहीच नाही, मग थांबून राहायचं. सरकारी अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढं धावायचं, वसूल तालुक्याला पोचवायचा, मयताची खबर परगावी न्यायची, मेलेलं ढोर ओढायचं. ही सगळी येसकराची कामं, आणि प्रत्येक कामाची सुरुवात जोहारानं. मोबदला म्हणून खळ्यावरचं बलुतं आणि दारोदार मागून आणलेल्या भाकरी. भाकरी मागतानाही दारात उभं राहून आधी जोहारच.

त्या बोलण्यात आणखी एक गोष्ट होती, जी आजोबा जोहारापेक्षाही कडवटपणे सांगत. पाटलाचं सात-आठ वर्षांचं पोरगंसुद्धा साठीच्या महाराला 'ए' म्हणून हाक मारायचं, आणि उत्तरात म्हाताऱ्यानं त्या पोराला 'जी, धाकलं धनी' म्हणायचं. नाव पुरतं घ्यायची पद्धत नव्हती. सखाराम असला तर 'सख्या', धोंडिबा असला तर 'धोंड्या', मरेपर्यंत. माझ्या आजीनं आयुष्यात कुणा गाववाल्याच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकलं नव्हतं. ती येसकराची होती, तेवढीच तिची ओळख. बायकांनी तर जोहारही घालायचा नसे. त्यांनी पदर सावरून बाजूला व्हायचं आणि फार तर 'पाया पडते' म्हणायचं, तेही लांबूनच.

ही नुसती गावंढळ रीत होती, असं कुणाला वाटत असेल तर १७७९ सालाकडं पाहावं. मुंबईतल्या सोनारांनी, म्हणजे दैवज्ञांनी, निऱ्यांचं धोतर नेसायला आणि भेटल्यावर 'नमस्कार' म्हणायला सुरुवात केली होती. या दोन्ही गोष्टी ब्राह्मण आपल्या मानत. पेशव्यांच्या दरबारातून मुंबईच्या इंग्रज अध्यक्षाकडं पुन्हा पुन्हा तक्रारी गेल्या. २८ जुलै १७७९ रोजी कंपनी सरकारनं ठराव केला आणि ९ ऑगस्टला सोनार समाजाच्या मुखियाला ताकीद दिली, की तुमच्या लोकांनी नमस्कार हा शब्द वापरायचा नाही.

या तारखांजवळ थोडं थांबलं पाहिजे. त्याच वर्षी जानेवारीत वडगावला मराठ्यांनी इंग्रज फौजेला कोंडून तह लिहून घेतला होता. युद्ध पुढं १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं. गादीवर सवाई माधवराव होते, पाच वर्षांचे, आणि कारभार नाना फडणविसांच्या हातात होता. साष्टीवरून, राघोबादादांवरून, गुजरातच्या मुलखावरून ही दोन सरकारं एकमेकांच्या जिवावर उठलेली होती. तरी सोनारानं रस्त्यात कुणाला काय म्हणायचं, यावर त्यांचं एकमत झालं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली छापलेल्या जातिनिर्मूलनावरच्या आपल्या भाषणात हा प्रसंग मुद्दाम नोंदवला आहे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. माझ्या आजोबांचा जोहार आणि मुंबईच्या सोनारांचा नमस्कार एकाच दोरीनं बांधलेला होता, हे तेव्हा समजलं. एकाला जो शब्द म्हणावाच लागे आणि दुसऱ्याला जो म्हणू देत नसत, ते दोन्ही शब्द एकाच दप्तरातून वाटले जात होते.

सोनार एकटे नव्हते. नारायणराव पेशव्यांच्या वर्षभरही न टिकलेल्या कारकिर्दीत कायस्थ प्रभूंकडून काही कलमं लिहून घेण्यात आली. वेदोक्त कर्म करणार नाही वगैरे कलमांबरोबर, भेटीत आणि पत्रात 'दंडवत' म्हणू, असंही त्यांना कबूल करावं लागलं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी ग्रामण्यांचा इतिहास १९१९ साली पुस्तकरूपानं मांडला, त्यात या भांडणांची सगळी हकीकत सापडते. तलवार गाजवणारे, लेखणी चालवणारे, पैसा असलेले समाज होते हे, आणि त्यांनाही या एका शब्दासाठी खाली पाहावं लागलं. मग वेशीबाहेरच्या माणसाची काय कथा! पण काळ कसा फिरतो पाहा. त्या ताकिदीनंतर शंभर वर्षंही झाली नव्हती, तेव्हा त्याच दैवज्ञ समाजातले नाना शंकरशेट मुंबईतले सर्वांत वजनदार नागरिक होते, आणि त्यांना नमस्कार करायला सगळ्या जातीची माणसं रांग लावून उभी राहत.

संतांनी हे ओळखलं नव्हतं असं नाही. पंढरीच्या वाटेवर दोन वारकरी भेटले की दोघंही एकमेकांच्या पायाला हात लावतात, दोघंही 'माउली' म्हणतात. त्यात आधी कोण वाकलं हे कुणी पाहत नाही. महानुभावांचा दंडवत प्रणामही दोन्ही बाजूंनी सारखाच. एकनाथांनी तर सोळाव्या शतकात महाराच्या तोंडी घालून जोहाराची भारुडं रचली आणि त्या वाकलेल्या माणसाकडून भल्याभल्यांना चार खडे बोल ऐकवले. चोखोबांच्या नावावरही जोहाराचा अभंग आहे, आणि तो आमच्या वस्तीत भजनात म्हटला जायचा. मी हे सगळं आदरानं मानतो. पण वारी संपून माणसं गावच्या वेशीत शिरली की माउली तिथंच राहायची आणि पुन्हा रामराम वेगळा, जोहार वेगळा. ज्या चोखोबांचा अभंग कीर्तनात रंगायचा, त्यांच्या वंशजांना विठ्ठलाच्या मंदिरात पाऊल टाकायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.

आमच्या घरात जोहार पहिल्यांदा मोडला तो पलटणीतून परतलेल्या माणसानं. आजोबांचे चुलतभाऊ दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंटमध्ये होते. ही रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिली. ते रजेवर आले तेव्हा चावडीपुढून जाताना त्यांनी बूट काढले नाहीत. पाटलाकडं पाहून टाच जुळवली आणि कडक सलाम ठोकला. चावडीवर बसलेल्यांना काय करावं सुचेना. सलाम तर केलाय, म्हणजे मान दिलाय, पण वाकला नाही. आजोबा हा प्रसंग सांगताना प्रत्येक वेळी ताठ बसायचे. दुसऱ्या दिवशी आजोबांना बोलावून समज देण्यात आली, की तुझ्या भावाला गावची रीत सांग. भाऊ रजा संपवून निघून गेला. रीत ऐकायला आजोबा मागं उरले, कारण बलुतं त्यांच्या नावावर होतं.

बलुत्याचा हा फास बाबासाहेबांनी आधीच हेरला होता. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला परिषद झाली. पुढच्या वर्षी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचं विधेयक मांडलं. वतन आहे तोवर भाकर मागावी लागणार, आणि भाकर मागावी लागते तोवर मान वर होणार नाही, हा त्यांचा हिशेब होता. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ सालीच महार वतनं रद्द केली होती. आमच्याकडं त्यासाठी १९५८ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. पण शब्द त्याआधीच सुटला होता, कारण त्याच्या जागी दुसरा शब्द आला होता.

तो आला विदर्भातून. नागपूरजवळ कामठी नावाचं छावणीचं गाव आहे. तिथले बाबू हरदास, पूर्ण नाव हरदास लक्ष्मणराव नगराळे, ६ जानेवारी १९०४ चा जन्म. विडी कामगारांची संघटना बांधली, रात्रशाळा काढली, चोखामेळ्यांच्या नावानं वाचनालय चालवलं, 'महारठ्ठा' नावाचं पत्र काढलं. १९३७ च्या निवडणुकीत ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधानसभेवर निवडून आले, आणि १२ जानेवारी १९३९ ला, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी क्षयानं गेले. कन्हान नदीच्या काठी त्यांची समाधी आहे. निवृत्तीनंतर मी मुद्दाम तिथं जाऊन आलो. आज जगभर 'जय भीम' म्हटलं जातं, आणि तो शब्द या माणसानं दिला हे आपल्याकडच्या कितीतरी शिकलेल्या लोकांना ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कामठीत मुसलमान वस्ती मोठी. एकजण सलाम करतो आणि दुसरा तोच सलाम उलटवून परत देतो, हे हरदास रोज पाहत होते. सांगतात की त्यांच्या मनात आधी जोडी होती ती 'जय भीम' आणि 'बल भीम' अशी. एकानं जय भीम म्हणायचं, दुसऱ्यानं बल भीम. मग कार्यकर्त्यांच्या बोलण्यात दोन्हीकडून जय भीमच रुळलं. मला यातलं मोठेपण नावात जेवढं वाटतं, तेवढंच या परतफेडीत वाटतं. ज्या माणसांच्या शब्दाला पिढ्यान्पिढ्या 'काय रं' हे उत्तर मिळालं होतं, त्यांना हरदासांनी पहिल्यांदा असा शब्द दिला ज्याला तसाच्या तसा जबाब मिळतो. मालकानं उत्तर दिलं नाही तर न देवो. आपलं आपल्याला उत्तर देणारं कुणीतरी आहे, एवढं पुरेसं होतं.

हा शब्द १९३५ च्या सुमारास विदर्भात रुजला, आणि आमच्या माणदेशात सभांना जाणाऱ्या तरुणांबरोबर आला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर तर तो घराघरात गेला. माझ्या लहानपणी वस्तीत तो पुरता बसलेला होता. वस्तीतल्या म्हाताऱ्यांची पत्रं वाचायचं आणि लिहायचं काम माझ्याकडं असे. शाळेत गुरुजी मायना शिकवायचे, 'सा. न. वि. वि.', म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, विधवेला गंगाभागीरथी. वस्तीत मुंबईच्या गिरणीतून, गोदीतून येणाऱ्या पोस्टकार्डांवर या सगळ्यांच्या जागी एकच मायना असायचा, 'सप्रेम जय भीम'. बापाला तोच, बायकोला तोच, लेकराला तोच. कार्यकर्त्यांच्या पत्रात 'क्रांतिकारी जय भीम'. लिहून घेणाऱ्या म्हाताऱ्या मला सांगायच्या, 'बाळा, आधी जय भीम लिही, मग पावसाचं लिही.'

आणि बायकांची गोष्ट राहू नये. आमच्या गावात बाईनं पुरुषाला रामराम घालायची चाल कुठल्याच जातीत नव्हती. पाया पडणं होतं, बाजूला होणं होतं. माझी आजी, जिला पाटलाच्या पोरापुढंही पदर ओढून उभं राहावं लागे, ती उतारवयात दारात आलेल्या प्रत्येकाला, पुरुष असो की बाई, ताठ मानेनं 'जय भीम' म्हणायची आणि समोरून जय भीम येईस्तोवर पुढचं बोलायची नाही. पुरुष आणि बायका दोघांनी सारख्याच शब्दात, सारख्याच उंचीवरून एकमेकांना म्हणायचा असा आमच्या भागातला माझ्या माहितीतला हा पहिला शब्द.

बाकीच्या गावात काय झालं? शाळा आली, एस.टी. आली, रेडिओ आला, आणि नमस्कार सगळ्यांचा झाला. ज्या शब्दासाठी पेशव्यांनी इंग्रजांकडं तक्रारी धाडल्या होत्या, तो आकाशवाणीच्या निवेदकानं रोज सकाळी घरोघरी वाटला. टेलिफोनचंही मोल मोठं. मुंबईत एक्स्चेंज सुरू झालं १८८२ साली, आमच्या गावात फोन आला त्यानंतर शंभरेक वर्षांनी. पण त्याचा 'हॅलो' आला तो कुणाच्याच जातीचा नव्हता. तारेच्या पलीकडच्याला वाकलेली कंबर दिसत नव्हती. पुढं 'जय महाराष्ट्र' आलं, 'जय जिजाऊ' आलं, 'जय मल्हार' आलं. तुकडोजी महाराजांच्या सेवामंडळवाल्यांचं 'जय गुरुदेव' विदर्भात आधीपासून होतंच. छत्तीसगड-झारखंडकडचे आदिवासी आज अभिमानानं 'जोहार' म्हणतात. तो त्यांचा स्वतःचा आहे, बरोबरीच्यानं बरोबरीच्याला घातलेला, त्याला जोहारानंच उत्तर मिळतं. आमच्या आजोबांच्या जोहाराशी त्याची गल्लत कुणी करू नये.

सरकारला मात्र या शब्दांत हात घालायचा मोह अजून सुटलेला नाही. २ ऑक्टोबर २०२२ पासून सरकारी आणि अनुदानित कार्यालयांत फोनवर हॅलोऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावं, असं राज्य शासनानं परिपत्रक काढून आवाहन केलं. सक्ती नव्हती. विरोधकांमधून लगेच 'जय बळीराजा'चा पुकारा झाला. वंदे मातरम् या शब्दांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण भेटणाऱ्यानं काय म्हणावं हे दप्तरातून सांगितलेलं मला कधीच पटणार नाही, कारण १७७९ चा कागद मी वाचलेला आहे.

आणि कुणी म्हणेल की आता हे सगळं संपलं, तर तेही खरं नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्या रागातून एका दलित तरुणाचा खून झाला. इतकं टोकाचं रोज घडत नाही. रोज घडतं ते बारीक असतं. एका शाळेत माझ्या स्टाफरूममध्ये मी सकाळी जय भीम म्हणायचो आणि समोरून यायचं, 'नमस्कार सर.' हसून, आदरानं. बोलणारी माणसं वाईट नव्हती. त्यांच्या जिभेला तो शब्द जड जात होता, इतकंच. पण माझ्या कानाला कळायचं की उत्तर दिलं गेलं नाही, उत्तर बदललं गेलं. त्याच शाळेत एक धनगर समाजातले शिक्षक होते. ते मला लांबूनच मोठ्यानं 'जय भीम' म्हणायचे, मी त्यांना तितक्याच मोठ्यानं 'जय मल्हार' म्हणायचो, आणि मग दोघंही एकमेकांचा शब्द परत करायचो. आमची मैत्री अजून आहे.

तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना विचारा, ते लहानपणी कुणाला काय म्हणायचे आणि त्यांना कोण काय म्हणायचं. पाटलाच्या घरचे असाल तर आवर्जून विचारा. उत्तरं लिहून ठेवा, ती माणसं आता फार दिवस नाहीत. आणि उद्या रस्त्यात कुणी तुम्हाला जय भीम म्हटलं, तर नमस्कार म्हणू नका. जय भीम म्हणा.